कुठलं आणि किती?

तराजूत सुंठ टाकता टाकता मला झोप लागली. गिऱ्हाईक रेणापूरकडचं एक म्हातारं माणूस होतं. त्यानं वाट बघितली, खाकरून बघितलं, मग शेजारच्या मिरचीवाल्याला हाक मारली, "आवो, हे मालक गेले का काय बगा की जरा!" डोळे उघडले तेव्हा पुढ्यात चार माणसं जमली होती, सुंठ फरशीवर सांडली होती आणि मिरचीवाला पाण्याचा तांब्या माझ्या तोंडावर रिकामा करायच्या बेतात होता. दुपारचे बारासुद्धा वाजले नव्हते.

आमचं काष्ठौषधीचं दुकान लातूरच्या गंजगोलाईत. सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यातल्या एका रस्त्याच्या तोंडाशी. आजोबांनी टाकलं, अण्णांनी वाढवलं, मी टिकवलं. अण्णाही गल्ल्यावर बसल्या बसल्या पेंगायचे. त्यांचं घोरणं वाड्याच्या दारापर्यंत ऐकू यायचं आणि आम्ही पोरं त्याच्या नकला करायचो. 58 व्या वर्षी ते झोपेतच गेले. लोक म्हणाले, पुण्यवान माणूस, अंथरुणाला खिळला नाही की कुणाला करायला लावलं नाही. मीही तेच म्हणत आलो होतो.

बायको मात्र वर्षभर वेगळंच सांगत होती. "तुम्ही घोरता त्याचं काई नाही. घोरता घोरता गप होता, त्याची भीती वाटायली मला." ती रात्री उठून बोटांच्या पेरांवर मोजत बसायची. एकदा बत्तीस मोजेपर्यंत श्वास नव्हता. मग बुडत्याला केसाला धरून वर काढल्यावर येतो तसला आवाज, कूस बदलणं आणि पुन्हा घोरणं. मी म्हणायचो, लग्नाला वीस वर्षं झाली, आता कुठं मोजायला लागलीस?

दुकान आपलं, औषध आपलं, तेव्हा डॉक्टरकडं जायचं कशाला! झोप नीट लागत नाही असं माझं निदान. म्हणून रात्री दुधात अश्वगंधा, आधी एक चमचा, मग दोन. सकाळी उठलो की घसा सुकून लाकूड झालेला आणि डोकं ठणकत असायचं. त्यावर ज्येष्ठमध. गल्ल्याशेजारी ज्येष्ठमधाची बरणी अण्णांच्या वेळेपासून आहे. कांडी दाढेत धरायची, चघळायची, गोड रस गिळायचा, चोथा थुंकायचा. दिवसाला सहा-सात कांड्या सहज होत. मधे कधीतरी रक्तदाब वाढलेला निघाला, त्याची गोळी सुरू झाली, मग दुसरीही सुरू झाली. दाब काही हटेना. तेही वयावर ढकललं. मी तेव्हा 46 वर्षांचा होतो.

त्याच उन्हाळ्यात एक पोरगी दुकानात आली. मराठवाड्यातल्याच एका आयुर्वेद कॉलेजात द्रव्यगुण, म्हणजे औषधी वनस्पतींच्या विषयात एम.डी. करत होती. पाव किलो शंखपुष्पी मागितली, पैसे दिले आणि पुडी हातात घेऊन विचारलं, "काका, ही कुठली?"

"कुठली म्हंजे? शंखपुष्पीच आहे."

"तसं नाही. कुठून आली? कुणी काढली? कुठल्या महिन्यात?"

पोत्यावर निळ्या शाईत नुसतं 'शंख' लिहिलं होतं. माझं उत्तर तेवढंच.

तिनं बाकड्यावर वर्तमानपत्र पसरलं, पुडी ओतली आणि भिंग काढून काड्या निवडायला बसली. तांदळातले खडे काढावेत तशी. अर्ध्या तासात दोन ढिगाऱ्या झाल्या. एक, औषधकोशात सांगितलेली शंखपुष्पी, शास्त्रीय नाव कॉन्व्हॉल्व्ह्युलस, पांढुरक्या-गुलाबी फुलाची. दुसरी विष्णुक्रांता, इव्हॉल्व्ह्युलस, पावसाळ्यात आपल्या मुरमाड माळावर जमिनीला चिकटून पसरते आणि नखाएवढं निळं फूल देते. पहिली नीमचच्या मंडीतून येत होती. दुसरी अंबाजोगाईकडच्या डोंगरातून एक म्हातारी पाऊस संपता संपता गठुडं बांधून आणायची. दोन्ही माल कित्येक वर्षं एकाच पोत्यात पडत होता. पोरगी म्हणाली, केरळात याच नावानं गोकर्णी वापरतात. म्हणजे वैद्यानं कागदावर एकच शब्द लिहायचा आणि गिऱ्हाइकाच्या घरी जे जायचं ते दुकान कुठल्या मुलखात आहे त्यावर.

मग तिची गाडी सुटलीच. रास्ना घ्या, म्हणाली. उत्तरेत रास्ना म्हणजे एक झुडूप, दक्षिणेत कोळिंजनाच्या जातीचा कंद, बंगालात चक्क झाडावर वाढणारं ऑर्किड. बरं, झाड एकच असलं तरी भागत नाही. वेखंडाचं बघा. अमेरिकेतल्या वेखंडात गुणसूत्रांचे दोन संच असतात, त्यात बीटा-अ‍ॅसरोन हे द्रव्य जवळपास नाहीच. युरोपातल्यात तीन संच, त्यात थोडं. आपल्याकडं चार संचांचं वेखंड, त्यात ते भरपूर. हे द्रव्य प्राण्यांमध्ये कर्करोगाला कारण होतं असं दिसल्यावर अमेरिकेनं 1968 साली खाण्यात वेखंड घालायला बंदी केली. आणि मी इकडं तान्ह्या बाळांना उगाळून चाटवायला वेखंडाच्या कांड्या विकतोय, माझ्या आजोबांपासून.

खरं सांगतो, माझ्या पोटात दुखलं. तीन पिढ्यांचं दुकान आणि ही काल आलेली पोर मला माल शिकवणार! म्हणून मी अश्वगंधेची बरणी पुढं केली. अस्सल नागोरी, जाड मुळी, मोडली की आत पांढरीशुभ्र. गिऱ्हाईक हीच मागतं. तिनं एक मुळी मोडली आणि म्हणाली, "काका, हा पांढरेपणा म्हणजे पीठ, स्टार्च. औषध म्हणून मोजतात ती विथॅनोलाइड नावाची द्रव्यं असतात. ती जाडीवरून नाही कळत." आपल्या माळावर, गावाकडच्या उकिरड्याशेजारी जी ढोरगुंज उगवते ती हीच अश्वगंधा, फक्त रानटी, मूळ लाकडासारखं. बी कुठलं, माती कुठली, पाणी किती, मुळी कधी उपटली, वर्षभर गोदामात राहिली की दोन वर्षं, सगळ्यानं आतला माल बदलतो. तिनं मोबाईलवर फोटो दाखवला. काचेच्या पट्टीवर वेगवेगळ्या दुकानांतल्या अर्कांचे थेंब चढवलेले, आणि निळ्या उजेडात त्यांचे रंगीत पट्टे उमटलेले. एकाच नावाच्या मालाचे पट्टे, पण शेजारशेजारचे एकमेकांशी जुळत नव्हते.

"चरकानंच लिहिलंय," ती म्हणाली, "वनस्पतीचं नाव आणि रूप तर रानातल्या शेळ्या राखणाऱ्यालाही ठाऊक असतं. तेवढ्यानं ती कळली असं होत नाही."

शेळ्या राखणाऱ्यात तिनं मला बसवलं की काय, हा विचार करता करताच माझा डोळा लागला. जागा झालो तर पोरगी गल्ल्याच्या आतल्या बाजूला येऊन माझा खांदा हलवत होती. चेहरा उतरलेला. "काका, तुम्ही श्वासच घेईनात."

तिच्या वडिलांना हाच आजार, स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास थांबायचा. ते रात्री मशीन लावून झोपायचे. तिनं माझी दुधातली अश्वगंधा ऐकली आणि कपाळाला हात लावला. झोप न येणाऱ्यांना अश्वगंधेचा थोडाफार उपयोग होतो असं काही लहान अभ्यासांत दिसलंय, म्हणाली, पण तुम्हाला झोप येत नाही असं कुठंय? तुम्ही तराजूपुढं झोपता! "तुमची वाट अडतीय. औषध नंतर. आधी कुठं अडतंय ते बघून घ्या."

आठवड्यानं मी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांपुढं बसलो, ते बायकोनं धरून नेलं म्हणून. तिथं आधी एक कागद भरून घेतात. आठ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. वाचताना डुलकी लागते का, जेवणानंतर गप बसलं तर लागते का, कुणाशी बोलताना लागते का. दहाच्या वर गेलं की दिवसाची झोप जास्त समजायची. माझे 24 पैकी 19 आले. शाळेत मला कधी एवढे टक्के पडले नव्हते. मग मानेला टेप लावली, 17 इंच. जीभ बाहेर काढायला न लावता तोंड उघडायला सांगितलं आणि डॉक्टर म्हणाले, "टॉन्सिल केवढ्या आहेत हो या! लहानपणी काढल्या नाहीत?" लहानपणी टॉन्सिल सुजल्या की आमच्याकडं हळद-चुन्याचा लेप असायचा.

झोपेची तपासणी एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत झाली. रात्री नऊला पोचलो. टेक्निशियन पोरानं दीड तास मला सजवला. डोक्याला चिकट मलम लावून तारा, डोळ्यांच्या कडेला तारा, हनुवटीला, पिंढऱ्यांना, छातीला एक पट्टा, पोटाला एक, नाकात नळी, बोटाला चिमटा. पोळ्याच्या बैलालासुद्धा एवढं बांधत नाहीत. म्हटलं, अशात कुणाला झोप लागेल! पोरगा हसला. दुसऱ्या दिवशी त्यानंच सांगितलं, दिवा बंद केल्यावर चार मिनिटांत लागली.

अहवाल असा होता. श्वास दहा सेकंद किंवा जास्त बंद पडणं किंवा बराच कमी होणं, असं तासाला पाचपेक्षा कमी वेळा झालं तर ठीक, 15 पर्यंत सौम्य, 30 पर्यंत मध्यम, 30 च्या वर तीव्र. माझा आकडा 41. सगळ्यात लांब थांबा 58 सेकंदांचा. रक्तातला ऑक्सिजन 74 पर्यंत खाली. डॉक्टरांनी कागदावरची रेघ दाखवली, ती करवतीच्या दात्यांसारखी खालीवर जात होती. प्रत्येक दात्याला मेंदू अर्धवट जागा होतो, घसा उघडतो, पुन्हा झोपतो. रात्रभर. म्हणजे मी आठ तास अंथरुणात असायचो, पण झोप अशी होतच नव्हती. आणि दर दात्याला हृदयावर ताण, दाबाला धक्का. बायकोनं अण्णांचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, आता सांगता येणार नाही. गाडीत आम्ही दोघं काही बोललो नाही.

पहिला उपाय मशीन, सीपॅप. नाकावर मुखवटा आणि त्यातून दाबाची हवा, म्हणजे घसा आतून फुगवून उघडा ठेवायचा. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन नावाच्या डॉक्टरनं ते 1981 साली पहिल्यांदा जगापुढं मांडलं, तेही व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरवर. हा आजही सगळ्यात खात्रीचा इलाज आहे, हे डॉक्टरांनी तीन वेळा सांगितलं. पहिल्या रात्री मुखवटा लावून झोपलो आणि सकाळी सहाला जागा झालो तेव्हा खिडकीतला कडुनिंब मला इतका स्वच्छ दिसला की मी बायकोला उठवून दाखवला.

पण ते टिकलं नाही. दोष मशीनचा नाही, थोडा माझा आणि थोडा आमच्या गावाचा. विकणाऱ्यानं मुखवटा एक माप मोठा दिला होता, त्यातून हवा निसटून डोळ्यात जायची. बदलून मिळायला महिना गेला. उन्हाळ्यात लाईट जायची आणि मशीन बंद पडलं की मुखवट्यात गुदमरून मी उठायचो. मशीनच्या भांड्यात डिस्टिल्ड वॉटर लागतं. लातूरचं नळाचं पाणी म्हणाल तर आधी ते यायला हवं! 2016 साली आम्हाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, ते विसरायला अजून वेळ आहे. मी इन्व्हर्टरच्या कॅनमधलं पाणी घालायला निघालो. बायको म्हणाली, "बॅटरीला अन् नवऱ्याला एकाच कॅनातलं पाजता का?" मग मेडिकलमधून बाटल्या आणू लागलो. नाक तर माझं जन्मापासून एका बाजूनं चोंदलेलं. दिवसभर सुंठ, मिरी, पिंपळी यांची धूळ हुंगायची, रात्री नाकानंच सगळी हवा आत घ्यायची.

चार महिन्यांनी डॉक्टरांनी मशीनचं कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं. मी म्हटलं होतं, रोज पाच तास तरी लावतो. मशीननं चुगली केली. सरासरी एक तास पन्नास मिनिटं. किमान चार तास, तेही दहापैकी सात रात्री, तर उपयोग धरतात. डॉक्टर रागावले नाहीत. "कपाटातलं मशीन कुणाचाच घसा उघडत नाही," एवढंच म्हणाले, आणि संभाजीनगरच्या एका सर्जनला चिठ्ठी दिली. तिथं माझा मेहुणा राहतो, म्हणून सोय होती.

सर्जनबाईंनी आधी मला ऑपरेशनपासून परावृत्तच केलं. म्हणाल्या, घोरण्याचं ऑपरेशन असं काही नसतं. घोरणं हे नुसतं नाव आहे. कुणाची पडजीभ आणि टाळू पडतो, कुणाच्या घशाच्या बाजूच्या भिंती मिटतात, कुणाची जीभ मागं घसरते, कुणाचं घशाखालचं झाकण. सगळ्यांचा आवाज तोच. 1981 सालीच, मशीनच्याच वर्षी, फुजिता नावाच्या डॉक्टरांनी अमेरिकेत टाळूचं ऑपरेशन मांडलं. पुढं कित्येक वर्षं ते ज्याला त्याला केलं गेलं, कुणाला गुण आला, बऱ्याच जणांना नाही. नंतर फ्रीडमन या डॉक्टरांनी टॉन्सिलचा आकार, जिभेची ठेवण आणि वजन यावरून पायऱ्या पाडल्या. टॉन्सिल मोठ्या आणि जीभ खाली बसणारी असेल तर दहातल्या आठांना गुण, टॉन्सिल लहान आणि जीभ वर दाटलेली असेल तर दहातल्या एकालाही मुश्किलीनं. ऑपरेशन तेच. मला एकदम पोत्यावरचं 'शंख' आठवलं.

माझी पायरी बरी होती. तरी झोपेत घसा कुठं मिटतो ते बघायला दुर्बिणीची तपासणी करायची ठरली, आणि त्याआधी भूलतज्ज्ञांकडं तपासणी.

खरी गोष्ट तिथं घडली. भूलतज्ज्ञ वयस्कर होते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. दाब 160/100. दोन गोळ्या घेऊनही. रक्ताच्या कागदावर त्यांनी पेनानं एक गोल काढला. पोटॅशियम 3.1. साडेतीनच्या वर पाहिजे.

"आणखी काय औषधं घेता?"

"काही नाही."

"आयुर्वेदिक? घरगुती?"

"नाही ओ, ते काय औषध नसतं."

बोलताना माझ्या दाढेत कांडी होती. त्यांनी माझ्या गालाकडं बघितलं. "तोंडात काय आहे?"

मी ज्येष्ठमध काढून तळहातावर ठेवलं. चघळून चघळून टोक कुंच्यासारखं झालेलं, पिवळं. ते काही वेळ त्याकडं बघत राहिले. "किती खाता?"

"सहा... सात. कांड्या."

"रोज?"

"अण्णासुद्धा खायचे."

"हे कुठलं?"

म्हटलं, मुंबईच्या व्यापाऱ्याकडून येतं, तो इराण-अफगाणिस्तानकडून आणतो, कधी एक कधी दुसरं. "म्हणजे कुठलं ते माहीत नाही. आणि त्यात ग्लिसरायझिन किती?"

ते मला कसं माहीत असणार! तीन पिढ्या ज्येष्ठमध विकतोय.

त्यांनी समजावून सांगितलं, शांतपणे. ज्येष्ठमधाचा गोडवा ज्या ग्लिसरायझिनचा, ते शरीरातलं एक विकर दाबतं. त्या विकराचं काम कॉर्टिसॉल नावाच्या संप्रेरकाला मूत्रपिंडापाशी निकामी करणं. ते झालं नाही की मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं, पोटॅशियम सोडून देतं आणि दाब चढतो. मुळीमुळीत त्याचं प्रमाण कितीतरी पटींनी कमीजास्त असतं, जमिनीनुसार, जातीनुसार. एकाला चिमूट चालते, दुसऱ्याला कांडी बाधते. पोटॅशियम एवढं खाली असताना भूल दिली तर हृदयाचा ठेका चुकू शकतो. "आणि रात्री?" मी म्हटलं, दुधात अश्वगंधा. त्यांनी चष्मा काढला. अश्वगंधेनं गुंगी वाढू शकते, ज्याचा घसा झोपेत मिटतो त्याला गुंगी म्हणजे उतारावर धक्का. तीही बंद. दुर्बिणीची तपासणी तीन आठवडे पुढं.

मेहुण्याच्या घरी येऊन मी संतापलो. वाटलं, हे अ‍ॅलोपॅथीवाले आपल्या औषधांना पाण्यात बघतात. दुपारी त्या पोरीला फोन लावला, तिनं तरी बाजू घ्यावी म्हणून. ती म्हणाली, "काका, औषध आहे म्हणूनच तर बाधलं. औषध नसतं तर काय झालं असतं?" पुढं हळूच म्हणाली, घसा सुकायचा तो तोंडानं श्वास घेतल्यामुळं, म्हणजे आजारामुळं. त्यावर ज्येष्ठमध. ज्येष्ठमधानं दाब. दाबावर गोळ्या.

ज्येष्ठमध सोडणं विडी सोडण्याएवढं अवघड गेलं. दाढेत काहीतरी पाहिजे म्हणून बडीशेप धरली. विसाव्या दिवशी दाब 138/86, एका गोळीवर. पोटॅशियम 4.2. नातेवाइकांना हे सांगितलं तर निम्म्यांना पटत नाही, अजूनही.

दुर्बिणीच्या तपासणीत भूल देऊन झोप आणतात आणि नाकातून बारीक नळी घालून बघतात. मला काही कळलं नाही, पण नंतर सर्जनबाईंनी व्हिडिओ दाखवला. आपलाच घसा आतून. लेंग्याची नाडी ओढल्यावर नेफा जसा गोळा होतो, तसा चारही बाजूंनी मिटला असता तर ऑपरेशनचा उपयोग कमी, असं त्या म्हणाल्या होत्या. माझा तसा नव्हता. दोन्ही बाजूंच्या भिंती, टॉन्सिलसकट, दुकानाच्या दाराची दोन फळकुटं मिटावीत तशा मधे येऊन टेकत होत्या. जीभ जागेवर. झाकण जागेवर. "इथं अडतंय," त्यांनी बोट ठेवलं. मेहुण्यानं तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला, ते मात्र मला आवडलं नाही.

ऑपरेशन 2007 साली सिंगापूरच्या पँग आणि अमेरिकेच्या वुडसन यांनी सांगितलेलं. टॉन्सिल काढायच्या, टॉन्सिलमागचा स्नायू खालून सोडवायचा आणि वर-बाहेरच्या बाजूला वळवून टाक्यांनी बांधायचा. मांडवाचा पडदा उचलून खांबाला बांधतात तसं. कापून टाकायचं कमी, ताणून बांधायचं जास्त. गुण येण्याची खात्री मागितली तर बाईंनी दिली नाही. स्वीडनमध्ये 2013 साली 65 रुग्णांवरचा एक नीट अभ्यास झाला होता, तो टाळूच्या जुन्या पद्धतीच्या ऑपरेशनचा. त्यात ज्यांचं केलं त्यांचा आकडा सरासरी 60 टक्क्यांनी उतरला, ज्यांना थांबवून ठेवलं त्यांचा 11 टक्क्यांनी. "तुमचा 41 आहे. हिशोब तुम्हाला येतो," त्या म्हणाल्या. विमा कंपनीनं आधी 'घोरण्यासाठी' म्हणून दावा फेटाळला, मग करवतीच्या दात्यांचा कागद पाठवल्यावर अर्धे पैसे दिले.

भूल द्यायच्या आधी त्याच वयस्कर डॉक्टरांनी मला गुळण्या करायला एक पेला दिला. वास ओळखीचा. ज्येष्ठमध! मी त्यांच्याकडं बघतच राहिलो. "गुळण्या करायच्या, थुंकायचं," ते म्हणाले. नळी घातल्यानंतरचा घसादुखीचा त्रास यानं कमी होतो असं आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी दाखवलंय. "कुठलं आहे?" मी विचारलं. ते पहिल्यांदा हसले.

पुढचे पंधरा दिवस फार वाईट. मोठेपणी टॉन्सिल काढणं म्हणजे काय ते कुणी आधी सांगू नये, नाहीतर कुणी काढणार नाही. थुंकी गिळली की कानात सुरी फिरायची. दुखतो घसा आणि कळ कानात, कारण दोघांची शीर एकच. पहिला आठवडा पाणी प्यालो की थोडं नाकातून यायचं, टाळू अजून नीट मिटत नव्हता म्हणून. थंड दूध, आईस्क्रीम, गार वरण, गार भात. आईनं लातूरहून हळद-मध पाठवलं होतं, बायकोनं ते मला न दाखवता मेहुण्याच्या फ्रिजवर ठेवलं.

आठव्या दिवशी मी चूक केली. घरी परतलो होतो, बायको बाजारात गेली होती, टोपलीत ज्वारीची भाकरी होती. दुधात कुस्करून काला केला, मऊच होता म्हणा. पण पापुद्र्याचा एक कडक तुकडा राहिला. रात्री साडेअकराला तोंडात गोडसर-खारट चव आली आणि थुंकलो तर लाल. पाचव्या ते दहाव्या दिवसात खपली सुटते आणि रक्त येऊ शकतं, हे कागदावर ठळक छापलेलं होतं. लातूरच्याच डॉक्टरांनी रात्री दवाखाना उघडला, बर्फाच्या पाण्यानं गुळण्या करवल्या, वीस मिनिटांत थांबलं, तरी सकाळपर्यंत बसवून ठेवलं. बायकोनं ती भाकरी कुणी खाल्ली हे विचारलं नाही. टोपली मात्र त्या दिवसापासून वरच्या फडताळात गेली.

चार महिन्यांनी पुन्हा तारा, पट्टे, चिमटा. आकडा 12. ऑक्सिजन 86 च्या खाली गेला नाही. म्हणजे आजार संपलेला नाही, तीव्रचा सौम्य झाला. मशीन विकू नका, असं दोन्ही डॉक्टरांनी बजावलं. वजन चार किलो कमी करायचंय, त्यातलं दीड झालंय. पण गल्ल्यावर मी जागा असतो. दुपारी तीनला जागा असतो! रेणापूरचा म्हातारा मधे येऊन गेला, अर्धा किलो सुंठ घेतली आणि पैसे देताना माझ्या डोळ्यांकडं बारकाईनं बघून गेला.

पोरगी अधूनमधून येते. अंबाजोगाईच्या म्हातारीचा माल आता वेगळ्या डब्यात असतो, त्यावर महिना आणि डोंगर लिहिलेला. मुंबईच्या व्यापाऱ्याला मी ज्येष्ठमध कुठलं ते विचारतो, तर तो म्हणतो, शेठ, आधी कधी विचारलं नाही, आता काय झालं? ज्येष्ठमधाची बरणी गल्ल्यापासून उचलून वरच्या फळीवर ठेवलीय. सात-सात कांड्या नेणारं गिऱ्हाईक असलं की मी दाबाचं विचारतो. एक-दोघं त्यावरून दुसऱ्या दुकानात गेले.

आकडा उताणा झोपलो की चढतो, कुशीवर झोपलो की उतरतो, असं अहवालात दिसलं. म्हणून बनियनच्या पाठीला टेनिसचा चेंडू शिवून घ्या, म्हणजे उताणं होता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तो चेंडू धाकट्यानं दुसऱ्याच दिवशी उसवून क्रिकेटला नेला. मग बायकोनं दुकानातून मूठभर रिठे मागवले, पुरचुंडी करून शिवायला. सुई ओवता ओवता तिनं विचारलं, "हे कुठले?"

रिठे दोन प्रकारचे येतात. हिमालयाकडचे एकेकटे, गोल. आपल्याकडचे तीन-तीन जोडलेले, कंगोऱ्यांचे. मी जोडलेले दिले होते. ते जास्त टोचतात.